सहा महिन्यांत संस्कृत, दहा मिनिटांत सर्व्हर

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. ओतूरच्या मार्केटात कांदा आणणाऱ्या शेतकऱ्यांच्या एका छोट्या गटासाठी आम्ही तिघंचौघं एक वेब अ‍ॅप्लिकेशन बांधत होतो. कुणाच्या किती पिशव्या गेल्या, भाव काय निघाला, हमाली-तोलाई वजा जाऊन पट्टी कितीची झाली, एवढंच त्यात नोंदवायचं होतं. प्रकल्प नवा, पैसे जवळपास नाहीतच, म्हणून गावातल्या कॉम्प्युटर शिकणाऱ्या पोरांना सोबत घ्यायचं ठरलं. पहिली आली ती बीसीएसच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी. मी तिला गिटची लिंक पाठवली आणि म्हटलं, "रीडमी वाच, दहा मिनिटांत चालू होईल." रीडमीचं पहिलं शीर्षकही तेच होतं: दहा मिनिटांत सुरुवात.

तिसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला. "दादा, माझ्याकडून नाही होणार हे. दुसऱ्या कुणाला तरी घ्या."

मी तिच्या घरी गेलो. लॅपटॉप जुना, विंडोजचा, मेमरी चार जीबी. माझी पहिली पायरी म्हणत होती, डॉकर बसवा आणि एक आज्ञा द्या. त्या एका आज्ञेनं जे काही उतरवायला घेतलं होतं, त्यात तिच्या मोबाइलचा दोन दिवसांचा डेटा संपला होता. तिसऱ्या दिवशी कसंबसं ते उतरलं आणि पडद्यावर चाळीस ओळींची लाल चूक आली. चूक अशी होती की सेटिंगची एक छोटी फाइल, डॉट-ईएनव्ही नावाची, जागेवर नव्हती. नमुन्याच्या फाइलची प्रत करून ती आपली आपण बनवायची असते. हे रीडमीत कुठंच नव्हतं. माझ्या मशीनवर ती फाइल पहिल्या दिवसापासून होती, त्यामुळे ती 'बनवावी लागते' हेच मी विसरून गेलो होतो.

मला लागलं ते हे की तिनं त्या चाळीस ओळी स्वतःची चूक समजून वाचल्या होत्या. चूक कागदाची होती आणि कमीपणा तिला वाटला.

नव्या माणसासाठी पहिलं पान लिहिणं हा प्रकार कॉम्प्युटरइतकाच नवा आहे असं आपल्याला वाटतं. तसं नाही. या कामाची मला माहीत असलेली सगळ्यात चांगली गोष्ट सातवाहनांच्या दरबारातली आहे, आणि सातवाहन म्हटलं की आमच्या जुन्नर तालुक्यातल्या माणसाला परक्याची गोष्ट ऐकतोय असं वाटत नाही. ओतूरहून जुन्नर-घाटघर करत निघालं की नाणेघाट. तिथल्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला लेख आहे. कोणते यज्ञ केले, दक्षिणा किती दिली, गाई किती, घोडे किती, कार्षापण किती, अशी ती लांबच लांब यादी. आकडे इतके की भारतातल्या अंकलेखनाच्या सुरुवातीच्या पुराव्यांत या लेखाचं नाव घेतलं जातं. पण ती नोंद आहे. काय झालं ते ती सांगते, काय करायचं ते सांगत नाही. घाटाच्या तोंडाशी मोठा दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकत असं लोक सांगतात. त्या रांजणावर काही लिहिलेलं नाही आणि लिहायची गरजही नव्हती. आमच्या धंद्यात यालाच उत्तम रचना म्हणतात. बाकी सगळ्या गोष्टींना मात्र कागद लागतो.

तर ती गोष्ट. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं कथासरित्सागरात ती सांगितली आहे. राजाचं नाव सातवाहन, नगर प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण. राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करत होता. पाण्याच्या माऱ्यानं थकलेली एक राणी संस्कृतात म्हणाली, पाण्यानं मारू नका. 'मा' म्हणजे नको आणि 'उदकैः' म्हणजे पाण्यानं. दोन्ही शब्द जोडून उच्चारले की होतं 'मोदकैः'. राजानं ताबडतोब मोदक मागवले. राणी हसली. भर पाण्यात मोदकांचं काय काम, आणि संधीसुद्धा कळत नाही तो राजा कसला, असं तिनं त्याला ऐकवलं. राजानं त्या दिवसापासून खाणंपिणं, बोलणं टाकलं. पांडित्य येईल नाहीतर मरण येईल, असं मनाशी धरून पडून राहिला.

दरबारात दोन विद्वान होते. गुणाढ्य म्हणाला, व्याकरण शिकायला माणसाला बारा वर्षं लागतात, मी सहा वर्षांत शिकवीन. शर्ववर्मा म्हणाला, मी सहा महिन्यांत शिकवतो. गुणाढ्य चिडला. तू हे करून दाखवलंस तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा कायमच्या सोडीन, असं तो बोलून बसला. शर्ववर्म्यानंही प्रतिज्ञा केली, नाही जमलं तर बारा वर्षं तुझ्या पादुका डोक्यावर वाहीन. मग मात्र त्याचं धाबं दणाणलं. वेळेचा अंदाज आधी देऊन टाकायचा आणि मग घाबरायचं, ही परंपरा एवढी जुनी आहे हे वाचून मला बरं वाटलं होतं.

पुढे त्यानं कार्तिकेयाची उपासना केली, देवानं प्रसन्न होऊन पहिलं सूत्र सांगितलं, आणि शर्ववर्म्याला राहवलं नाही, त्यानं दुसरं स्वतःच म्हणून टाकलं. देव म्हणाला, तू मधे बोलला नसतास तर या व्याकरणानं पाणिनीला मागे टाकलं असतं. आता हे छोटंच राहील आणि त्याला 'कातंत्र', लहानसं शास्त्र, म्हणतील. सहा महिन्यांत राजा शिकला. गुणाढ्य मौन धरून विंध्याच्या रानात गेला, पिशाचांची भाषा शिकला आणि तिच्यात त्यानं बृहत्कथा लिहिली.

गोष्ट गोष्टीसारखीच घ्यायची. कातंत्र आज मिळतं त्या रूपात सातवाहनांनंतरचं, इसवीच्या चौथ्या शतकाच्या आसपासचं असावं, असं बरेच अभ्यासक मानतात. पण ग्रंथ खरा आहे, आणि तो उघडला की गोष्ट कुणी आणि का रचली असेल ते कळतं. कारण कातंत्राचा पहिला भाग संधीचा आहे. राजा जिथं अडखळला नेमका तिथून तो सुरू होतो.

पाणिनीची अष्टाध्यायी अशी सुरू होत नाही. पाणिनी आधी वर्णमालाच मोडून नव्या क्रमानं लावतो, चौदा सूत्रांत. मग त्यातून 'अच्' म्हणजे सगळे स्वर, 'हल्' म्हणजे सगळी व्यंजनं, असे दोन अक्षरांचे संकेत तयार करतो. हे इतकं देखणं यंत्र आहे की जगभरचे भाषाशास्त्रज्ञ आजही त्यापुढे हात जोडतात. जवळपास चार हजार सूत्रं, आणि कोणतंही एक सूत्र समजायला बाकीची ठाऊक हवीत. कोशाला आणि संदर्भाला हे ठीक. शिवाय पाणिनीचा विद्यार्थी ती भाषा बोलत वाढलेला होता. त्याला भाषा नव्हे, तिची घडण शिकायची होती.

शर्ववर्म्यापुढचा माणूस वेगळा. म्हणून कातंत्राचं पहिलंच सूत्र सांगतं की अक्षरांचा जो क्रम लोकांत रूढ आहे तो सिद्धच आहे. म्हणजे तुला जी बाराखडी येते तीच इथं चालेल, नवी शिकू नकोस. 'अच्'ऐवजी स्वर, 'हल्'ऐवजी व्यंजन. काळांची नावं तर पाहण्यासारखी आहेत. पाणिनीकडे लट्, लङ्, लुङ्. कातंत्रात वर्तमाना, ह्यस्तनी म्हणजे कालची, अद्यतनी म्हणजे आजची, श्वस्तनी म्हणजे उद्याची. ही नावं शर्ववर्म्यानं शोधलेली नाहीत, जुन्या आचार्यांची आहेत. त्यानं ती टाकली नाहीत, एवढंच. ज्यांनी कधी दुसऱ्याचा कोड वाचलाय त्यांना या एका निर्णयाची किंमत वेगळी सांगायला नको.

मांडणी विषयवार: आधी संधी, मग नामं, मग क्रियापदं. राजाला वेदपठण करायचं नव्हतं म्हणून वैदिक रूपं आणि स्वराघात गाळले. धातूंपासून नामं-विशेषणं बनवणारे कृत् प्रत्ययही मूळ ग्रंथात नव्हते. 'वृक्ष' शब्द जसा आपण तयार घेतो तसेच हे शब्द तयार घ्यावेत, असं शर्ववर्म्याचं मत होतं अशी टीकाकारांची परंपरा सांगते. तो भाग नंतर जोडला गेला. तो धरूनही सगळी सूत्रं चौदाशेच्या आसपास भरतात, पाणिनीच्या साधारण तिसरा हिस्सा.

आणि हे पुस्तक चाललं. बंगालात, काश्मिरात, जैन पाठशाळांत ते शतकानुशतकं शिकवलं गेलं. तिबेटी भाषेत त्याची भाषांतरं झाली. मध्य आशियाच्या वाळूत त्याच्या हस्तलिखितांचे तुकडे सापडले. संस्कृत ज्यांची बोली नव्हती अशा लोकांपर्यंत ते पोचलं, हे मला त्याचं खरं प्रमाणपत्र वाटतं.

आपल्याकडे त्याचा एक धागा घराघरांत शिल्लक आहे. एखाद्या कामाचा आपण 'ओनामा' करतो. जुन्या पंतोजींच्या शाळेत मूल धूळपाटीवर पहिल्यांदा 'ओनामासिधं' गिरवायचं. मूळ 'ॐ नमः सिद्धम्'. राजस्थानात, बुंदेलखंडात तर कातंत्राची सुरुवातीची सूत्रंच अपभ्रंश होऊन पोरांच्या तोंडी बसली होती. गुरुजींनाही अर्थ ठाऊक नसायचा. नव्या माणसासाठी लिहिलेलं पान त्याचा अर्थ हरवला तरी नुसतं म्हटलं जातं, हा त्याच इतिहासाचा दुसरा भाग. आमच्या क्षेत्रातही पोरं समजून न घेता आज्ञांच्या ओळी चिकटवत जातात, तो एक ओनामासिधंच.

मराठी कारभारातली अशी वही म्हणजे मेस्तक. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावावर परंपरा ती घालते. कुणाला कोणता मायना लिहावा, जमाखर्च कसा मांडावा, मोजमापं कोणती, हे सगळं त्यात. उपयोगाची वही, पण ती एक गोष्ट गृहीत धरते: शिकणारा पोरगा एखाद्या जाणत्या कारकुनाच्या मांडीला मांडी लावून बसलेला आहे. वही आठवणीसाठी, शिकवणं शेजारच्या माणसाचं. आजही बहुतेक कंपन्यांतले रीडमी मेस्तकासारखेच असतात, आणि शेजारी कुणी बसलेलं आहे तोवर ते पुरतात. ती मुलगी मात्र घरी एकटी बसली होती.

एकट्या बसलेल्या माणसासाठी मराठी मुलुखात लिहिलं गेलेलं नमुनेदार पुस्तक म्हणजे रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची 'मार्गोपदेशिका'. १८६०च्या दशकात, शाळांवर मुख्याध्यापक म्हणून काम करत असतानाच्या काळात, त्यांनी इंग्रजी शाळेतल्या पोरांसाठी संस्कृतचं हे पहिलं पुस्तक केलं. आधी रूपावली पाठ, मग कोश पाठ, मग काव्य, ही जुनी वाट त्यांनी सोडली. पहिल्याच धड्यात क्रियापदाची वर्तमानकाळाची थोडी रूपं, मोजके शब्द आणि लगेच भाषांतराला वाक्यं. अर्ध्या तासात पोरगं स्वतःचं संस्कृत वाक्य लिहितं. चार शब्दांचं का होईना, पण चालणारं. या पुस्तकाच्या आवृत्त्या निघत राहिल्या आणि कित्येक पिढ्या त्यावर संस्कृत शिकल्या.

हेच एका कॅनेडियन माणसानं शंभर वर्षांनी केलं आणि कॉम्प्युटरच्या जगात ती रीत पडली. बेल लॅब्जमधल्या ब्रायन कर्निघननं १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला 'बी' नावाच्या भाषेची एक छोटी शिकवणी लिहिली. त्या भाषेत एका जागेत चारच अक्षरं मावत, म्हणून त्याला 'हॅलो, वर्ल्ड' एवढे शब्द तीन तुकड्यांत कापून ठेवावे लागले. डेनिस रिचीबरोबर त्यानं लिहिलेल्या 'सी' भाषेच्या पुस्तकात, १९७८ साली, हाच नमस्कार पहिल्या उदाहरणाचा झाला आणि मग सगळीकडे गेला. आपण त्याला पोरखेळ समजतो. कर्निघनचा मुद्दा वेगळा होता. प्रोग्रॅम लिहून कुठंतरी ठेवणं, तो यंत्राला समजेल असा करून घेणं, चालवणं, आणि उत्तर कुठं उमटलं ते शोधणं, हा डोंगर आहे. तो चढलं की पुढची वाट सपाट. 'हॅलो, वर्ल्ड' भाषा शिकवत नाही. तुझी चूल पेटते की नाही, एवढं ते तपासून देतं.

वेब अ‍ॅप्लिकेशनांच्या काळात चूल पेटवणंच अवघड झालं. एक भाषा नाही, तीनचार. डेटाबेस वेगळा, त्याचा पासवर्ड वेगळा, प्रत्येक गोष्टीची आवृत्ती जुळायला हवी. अशा वेळी ज्यांची पहिली पानं बरी होती ती साधनं पुढे गेली, हे गेल्या वीस वर्षांत डोळ्यांदेखत झालं. २००५ साली डेव्हिड हाइनमायर हॅन्सननं रेल्स वापरून पंधरा मिनिटांत ब्लॉग बांधून दाखवणारी चित्रफीत काढली आणि माणसं खेचली गेली. त्याच वर्षी जुलैत जँगो लोकांसाठी खुलं झालं. ते कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत, बातमीच्या घाईत तयार झालेलं. शब्दांशी रोज झगडणाऱ्या लोकांच्या शेजारी बसून ते लिहिलं गेलं म्हणून की काय, त्याचे कागदपत्र पहिल्यापासून वाचनीय. त्याची शिकवणी एक छोटं मतदानाचं अ‍ॅप बांधून घेते. आज्ञा दिली की ब्राउझरमध्ये एक रॉकेट उडताना दिसतं आणि तुमचं बसवणं जमलं असं ते सांगतं. त्या रॉकेटचा बाकी काही उपयोग नाही. मी मात्र ते पहिल्यांदा उडालं तेव्हा खोलीत एकटा असून 'झालं!' असं ओरडलो होतो.

पुढे जँगोच्याच वर्तुळात वावरलेल्या डॅनिएले प्रोचिदानं सांगितलं की कागदपत्र चार जातींचे असतात: शिकवणी, कामाची कृती, संदर्भ आणि विवेचन. या चारांची भेळ केली की एकही धड होत नाही. पाणिनी संदर्भ, मेस्तक कृती, भांडारकर शिकवणी, असं मी माझ्यापुरतं लावून घेतलं आहे. चौथ्या जातीचा, म्हणजे हे असंच का याचं विवेचन करणारा, आपल्याकडे पतंजली. अर्थात कातंत्रालाही पुढे वृत्ती झाली, वृत्तीवर पंजिका, पंजिकेवर टीका. सहा महिन्यांचं पुस्तक समजायलाच सहा वर्षं लागतील अशी व्यवस्था पंडितांनी करून ठेवली. कुठलंही पहिलं पान फार दिवस पहिलं राहत नाही.

माझा रीडमी या चारांपैकी काय होता? कोणीच नाही. तो माझा अभिमान होता. त्यात आमची रचना किती स्वच्छ आहे याचं चित्र होतं, कोणती साधनं का निवडली याची दोन पानं होती, आणि मधेच 'मग नेहमीप्रमाणे सेटअप करा' असं एक वाक्य होतं. नेहमीप्रमाणे! कुणाच्या? ओतूरला कपर्दिकेश्वराच्या परिसरात बाबाजी चैतन्यांची समाधी आहे, तुकोबांचे गुरू म्हणून परंपरा त्यांना मानते. तुकोबांना त्यांनी स्वप्नात दिला तो मंत्र तीन शब्दांचा. एवढं थोडं लिहायला माणूस किती मोठा लागतो ते असो. पण माझी अकरा पानं आणि त्यात ती एक फाइल नाही, हे गणित मला तिच्या ओसरीवर बसून फार लाजिरवाणं वाटलं.

मी तिला परत बोलावलं, पण कोड लिहायला नाही. म्हटलं, तू पुन्हा पहिल्यापासून सुरू कर, मी शेजारी बसतो, पण बोलणार नाही. जिथं अडशील तिथं वहीत लिही. मला वाटलं होतं त्याहून न बोलणं अवघड गेलं. पहिल्या पाऊण तासात तिनं नऊ गोष्टी लिहिल्या. टर्मिनल कुठलं उघडायचं, विंडोजचं की गिटबरोबर आलेलं? 'प्रकल्पाच्या मुळाशी जा' म्हणजे कुठल्या फोल्डरमध्ये? सर्व्हर चालू झाल्यावर ती खिडकी अडकल्यासारखी दिसते, ते बंद पडलंय की असंच असतं? या शेवटच्या प्रश्नावर मी जवळजवळ बोललो होतो. असंच असतं. हे मला कोणी सांगितलं होतं, ते आठवेना. कोणीतरी नक्की सांगितलं असणार.

डॉकर आम्ही काढून टाकलं. म्हणजे ज्याला हवं त्यानं वापरावं, पण पहिल्या पानावर नको. डेटाबेससाठी पोस्टग्रेसऐवजी सुरुवातीला एका फाइलमध्ये मावणारं एसक्यूलाइट. सगळं मिळून किती एमबी उतरेल ते वर लिहिलं, म्हणजे डेटा पॅक पाहून माणूस बसेल. खोट्या शेतकऱ्यांच्या, खोट्या पिशव्यांच्या वीसेक नोंदी एका आज्ञेत भरल्या जातील असं केलं, नाहीतर रिकामा पडदा पाहून हे चाललं की नाही तेच कळत नाही. आणि आमचं रॉकेट म्हणजे कांद्याची एक पट्टी: पिशव्या, भाव, हमाली, तोलाई, खाली निव्वळ रक्कम. ती दिसली की झालं. तिच्या वडिलांनी मागून डोकावून ती वाचली आणि विचारलं, "तोलाई एवढी कमी कुठं लागते?" खोटे आकडे दुरुस्त करावे लागले.

'दहा मिनिटांत' हे शब्द तिनं खोडले. तिथं लिहिलं, पहिल्यांदा करताना अर्धा दिवस धरा. मी हरकत घेतली, एवढं वाचून लोक पळतील. ती म्हणाली, "दादा, दहा मिनिटं वाचून मीच पळाले होते."

पहिल्या पानाची सुरुवात तिनं त्या चाळीस ओळींच्या लाल चुकीनं केली आहे. चुकीची शेवटची ओळ जशीच्या तशी, आणि खाली: हे दिसलं तर तुमचं काही चुकलेलं नाही, डॉट-ईएनव्ही फाइल बनवायची राहिली आहे, ती अशी बनवा. मी ते मागे, अडचणींच्या प्रकरणात टाकायला सांगत होतो. तिला कातंत्र ठाऊक नाही. मला ठाऊक होतं, आणि तरी मी सांगत होतो.

जानेवारीत दुसरा मुलगा आला, अकरावीचा. त्यानं ते पान घेतलं आणि डॉट-ईएनव्हीपाशी अडला नाही. तो पुढे अडला, विंडोजनं एका फाइलमधल्या ओळींचे शेवट बदलून टाकल्यामुळे. हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. त्याचा मेसेज आला तेव्हा ती क्लासला निघाली होती. एसटी यायची होती तेवढ्यात स्टँडवरच फोनवर फाइल उघडून तिनं त्यात एक ओळ घातली.